वरच्या मजल्यावरची माफी

सदतिसाव्या दिवशीही मुकादम आठच्या ठोक्याला अंगणात येऊन उभा राहिला आणि पाथरवटाच्या बायकोच्या डोक्यात तिडीक गेली. माणूस एखाद दिवस उशीर करतो, एखाद दिवस दांडी मारतो, म्हणजे मग आपल्याला चार शब्द सुनावता येतात. पण हा बाबा एक दिवस चुकला नव्हता. आला की खिशातून घडीचा कागद काढायचा, ओट्यावर ठेवायचा, उडू नये म्हणून वर खडा ठेवायचा आणि हात मागे बांधून उभा राहायचा. कागदावर चाळीस चौकोन होते. रोज संध्याकाळी त्यातल्या एकात तिने सही करायची. छत्तीस झाल्या होत्या.

"काय करू, वहिनी?"

"वहिनी म्हणू नका म्हणून कितीदा सांगितलं? कागदावर मला काय म्हटलंय?"

"बाधित व्यक्ती."

"मग तेच म्हणा."

ओट्यावर भाजी निवडत बसलेली सासू म्हणाली, "बाधित तर बाधित. आधी त्याला गोठ्यापुढची ती धोंड हलवायला सांग. रोज माझ्या अंगठ्याला लागते."

मुकादमाने धोंड हलवली. पहिल्या आठवड्यात त्याच्या हाताला एवढाले फोड आले होते. खाणीवर आयुष्यभर दुसऱ्यांकडून दगड उचलून घेतलेला माणूस, त्याच्या तळहाताची कातडी पुस्तकं वाचणाऱ्यासारखी मऊ होती. फोड फुटले तेव्हा तिला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. आता घट्टे पडले होते, आणि तिचं ते समाधानही संपलं होतं. उलट कामच वाढलं होतं. त्याला दगड दाखवा, त्याच्यामागे उभं राहा, त्याला पाणी द्या, दुपारी सावलीत बसला की आपण आपल्याच घरात दबकून चाला. कोर्टाने प्रकरण समेट केंद्राकडे पाठवलं, आणि तिथले साहेब म्हणाले, हा तुमच्याकडे चाळीस दिवस राबेल, त्यातून तुमची भरपाई होईल. भरपाई राहिली बाजूला, सांभाळायला एक माणूस वाढला होता.

पाथरवट झाडाखाली खोक्यावर बसला होता. उजवा पाय सरळ पुढे, घडी केलेल्या पोत्यावर. तो गुडघ्यात वाकत नव्हता आणि आता कधी वाकणारही नव्हता. मांडीत सळई होती. गार हवेत ती दुखायची, आणि तापलेल्या हवेतही दुखायची. हातात छिन्नी आणि हातोडी. समोर डोणीचा दगड, जनावरांना पाणी पाजायची डोण. छत्तीस दिवसांत तो मुकादमाशी दगडापलीकडचा एक शब्द बोलला नव्हता. हा उचल. इकडे ठेव. पालथा कर. बस.

आठ महिन्यांपूर्वी तो खाणीच्या खालच्या अंगाला डोणीसाठी दगड निवडायला गेला होता. तो खाणीवरचा मजूर नव्हता. स्वतः दगड निवडायचा, घरी आणायचा, घडवायचा. सुरुंग उडवण्याआधी मुकादमाने तीनदा शिटी वाजवायची आणि शंभर मोजायचे, हा नियम खाणीच्या तोंडाशी पाटीवर लिहिलेला आहे. त्या दिवशी ट्रक येऊन उभा होता, मुकादमाला घाई होती. त्याने शिटी वाजवलीच नाही. सुरुंग उडाला आणि पाथरवटाच्या मांडीवर दगड आला. मुकादमाने पोलिसांना सांगितलं, मी तीनदा शिटी वाजवली, यालाच ऐकू आलं नसेल. खाणीवरच्या एकवीस जणांनी माना हलवल्या. उद्या कुणाला कामावर घ्यायचं हे मुकादम ठरवतो, मग मानेला दुसरी दिशा कुठली असणार!

आणि त्या दिवसापासून पाथरवटाचं नाव पडलं 'बहिरा'.

नावाचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं कुणी म्हणेल. पण पाथरवटाचा निम्मा धंदा कानात असतो. दगडावर हातोडी मारली की चांगला दगड खणखणीत वाजतो, आतून चीर गेलेला बद्द वाजतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच. चीर गेलेल्या दगडाची डोण केली तर पहिल्याच वर्षी गळते, उंबरा केला तर भर लग्नघरात दुभंगतो. बहिऱ्या पाथरवटाकडून दगड कोण घेईल? मोडक्या पायाने बसून काम करता येतं. ते तो करत होता. पण घडवलेल्या तीन डोणी अंगणात तशाच उभ्या होत्या. गिऱ्हाईक दारापर्यंत यायचं, डोणीवरून हात फिरवायचं, आणि त्याच्याशी मोठ्याने ओरडून बोलायला लागायचं. "छान आहे होऽ! पण नंतर बघतोऽ!" तो मान खाली घालून घडवत राहायचा. ती मात्र आत जाऊन भांडी आपटायची.

त्या दिवशी दुपारच्या आधी मुकादम एक दगड उचलून घेऊन आला आणि पाथरवटाच्या पाठीमागे त्याने तो जमिनीवर आदळला.

पाथरवटाने मान वळवली नाही. "तो नको. डाव्या अंगाला चीर आहे."

मुकादमाने दगड फिरवून फिरवून बघितला. त्याला काही दिसलं नाही.

"पहार घाल," पाथरवट म्हणाला.

मुकादमाने डाव्या कोपऱ्यावर पहार घातली. तिसऱ्या घावाला कोपरा पावाच्या तुकड्यासारखा निघून हातात आला. आत जुनी, काळी पडलेली चीर.

"बघा बघा," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला. "बहिऱ्याला कसं ऐकू आलं ते! पाठमोरा बसलाय हो, आणि बहिरा आहे! खाणीवर जाऊन सांगा की जरा."

मुकादम हातातल्या तुकड्याकडे बघत उभा राहिला. मग तो दुसरा दगड आणायला गेला. संध्याकाळी तिने सदतिसावी सही इतकी दाबून केली की कागद फाटला.

दुसऱ्या दिवशी तपासणीची बाई आली. समेट केंद्राचं काम कसं चालतं ते बघायला तिला वरून पाठवलं होतं. पन्नाशीची असेल, दुचाकीवर आली, बुटांवर धुळीचा थर. ओट्यावर टेकली, पाणी प्याली, आणि मांडीवर फळी ठेवून तिने कागद काढले. म्हातारीला कागद बघूनच धसका बसला. "आता आणि काय लिहून घेताय? पाय लिहून घेतला, चाळीस दिवस लिहून घेतले. आता काय चूल घेता?"

"नाही हो आजी. केंद्राने तुमच्यासाठी जे केलं ते नीट झालं का, एवढंच विचारायचंय. म्हणजे पुढे सुधारता येईल." मग ती बायकोकडे वळली. "बैठकीत तुम्हाला मोकळेपणाने बोलता आलं का? एक ते पाचमध्ये सांगा."

"पाच म्हणजे किती मोकळेपणा?"

"पाच म्हणजे पूर्ण."

"आणि एक म्हणजे तोंडात बोळा?"

बाईला हसू आलं, पण तिने ते आवरलं. "मागच्या वेळी तुम्ही सगळीकडे पाच दिलेत. म्हणून विचारते."

"मी? मी कधी दिले?"

बाईने कागद पुढे केला. अकरा प्रश्न, अकरा पाच, सगळे एकाच वळणाचे. खाली तिची सही. सही तिचीच होती.

"साहेब म्हणाले इथे करा, मी केली," ती म्हणाली. "वर काय होतं ते बघितलं नाही. त्या दिवशी माझं लक्ष कुठं होतं!"

बाईने पेन थांबवलं. मग पुढचं वाचलं. "ज्याचं नुकसान झालं त्याला समोरासमोर माफी मिळाली का? इथे 'होय' आहे."

झाडाखालून पाथरवट हसला. त्याचं हसणं त्या घरात बऱ्याच दिवसांत कुणी ऐकलं नव्हतं, आणि ते काही बरं हसणं नव्हतं.

"कुणाच्या समोर?" तो म्हणाला.

बाईने वळून बघितलं. "हे कोण?"

गोठ्याशी मुकादम दगड घेऊन उभा होता, तो तसाच उभा राहिला.

"हे कोण म्हणून विचारताय?" बायको म्हणाली. "ज्याचा पाय मोडला तो हा! तुमच्या कागदावर नाही का तो?"

नव्हता. कागदावर बाधित व्यक्ती म्हणून तिचं नाव होतं. का होतं, तर त्याचं कारण अगदी सोपं होतं. समेट केंद्राची बैठकीची खोली वरच्या मजल्यावर आहे. बावीस पायऱ्या. बैठकीच्या दिवशी पाथरवटाला हातगाडीवर घालून केंद्रापर्यंत नेलं, आणि जिन्यापाशी सगळ्यांच्या लक्षात आलं की याला वर चढता येत नाही. दुखऱ्या माणसाला समेटासाठी बोलवायचं आणि जिन्यावर बोलवायचं, हे ज्याच्या डोक्यात आलं त्याला बक्षीस द्यायला हवं. साहेब वरून कठड्यावर वाकून म्हणाले, "राहू द्या त्यांना खाली, पत्नीला पाठवा. चालतं तसं." ती वर गेली. तो खाली राखणदाराच्या स्टुलावर बसला.

"वर खुर्च्या सरकवल्या," पाथरवट आता बाईला सांगत होता, आणि हात छिन्नीवरच होता. "मग बराच वेळ काही नाही. मग टाळ्या वाजल्या. तेव्हा मला कळलं, मला माफी मिळाली."

"टाळ्या?"

"साहेबांनी वाजवायला लावल्या," बायको म्हणाली. "गोल करून बसवलं होतं. हा उठला आणि म्हणाला, 'जे झालं त्याचं मला वाईट वाटतं.' जे झालं! गारा पडल्या जणू! मी म्हटलं, शिटीचं बोला. तर साहेब म्हणाले, खोलात नको जायला, बैठक बिघडते. की लगेच टाळ्या."

बाईने मुकादमाकडे बघितलं. "तुम्हाला आणखी काही बोलायचं नव्हतं?"

मुकादमाने दगड खाली ठेवला. "साहेबांनी जेवढं सांगितलं होतं तेवढं बोललो."

"बघा! माफीसुद्धा शिकवून पाठवलेली," म्हातारी म्हणाली.

बाईने फळी बाजूला ठेवली आणि ती उठून झाडाखाली गेली. पाथरवटासमोर जमिनीवरच बसली, धुळीत. "तुम्हाला काय हवं आहे?"

पाथरवटाने छिन्नीचं टोक अंगठ्यावर घासून बघितलं. "शिटी वाजवली नाही, एवढं त्याने म्हणावं. माझ्या तोंडावर म्हणावं. आणि खाणीवर म्हणावं, जिथं मला बहिरा म्हणतात तिथं. बाकी हे दगड उचलणं-बिचलणं मला नको होतं. मी मागितलंच नव्हतं. मला कुणी विचारलंच नाही."

"आणि आम्ही काय सुधारावं, असं तुम्हाला वाटतं?" हा प्रश्न कागदावर शेवटचा होता. बाईने तो कागदाकडे न बघता विचारला.

"बैठक खाली घ्या," पाथरवट म्हणाला आणि घाव घालायला लागला.

बाईने बायकोला दुचाकीवर मागे बसवलं आणि दोघी केंद्रात गेल्या. बाईने प्रत्येक पायरी मोजली, मोठ्याने. वर साहेब पंख्याखाली बसले होते. भिंतीवर चौकटीत आकडे लावले होते : एकूण प्रकरणं दोनशे बारा, समाधानी एकशे नव्वद.

"खाली एक खोली आहे," बाई म्हणाली. "कुलूप आहे तिला. ती कशाची?"

"ती पाहुण्यांच्या जेवणाची. तपासणीला कुणी आलं की तिथे मांडतो. तुमचीही आज तिथेच सोय केलीय."

"म्हणजे मी जेवायला खाली, आणि पाय मोडलेला माणूस माफीला वर?"

"प्रतिनिधी चालतो, मॅडम. नियमात बसतं."

बायको दाराशी उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. "साहेब, तुमची दाढ दुखली तर तुम्ही तुमच्या बायकोला डॉक्टरकडे पाठवता का? तिची दाढ उपटून तुमचा ठणका थांबतो का? आणि वर तिच्याकडून लिहून घेता, पाचपैकी पाच!"

"बाई, हे बघा, शांतपणे..."

"शांतच होते मी! आठ महिने शांत होते! तुमच्या त्या गोलात बसून शांत होते! तुम्ही टाळ्या वाजवल्यात तेव्हा मीही वाजवल्या, माहीतेय तुम्हाला? माझा नवरा खाली स्टुलावर आणि मी वर टाळ्या वाजवतेय! सगळे वाजवत होते म्हणून वाजवल्या. त्याची मला अजून लाज वाटते, आणि तुम्हाला एवढीशी वाटत नाही!"

हे तिने आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

बाईने भिंतीवरच्या आकड्यांकडे बघितलं. "एकशे नव्वद ना? त्यातल्या किती जणांचे पाच तुम्ही भरलेत ते मी एकेक घर फिरून बघणार आहे. हे प्रकरण मी अपूर्ण लिहिते."

साहेबांचा चेहरा उतरला. अपूर्ण म्हणजे प्रकरण परत कोर्टात, आणि केंद्राच्या नावापुढे फुली. शेवटी ठरलं : परवा, चाळिसाव्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, खाणीवर बैठक. बाधित व्यक्ती म्हणून पाथरवटाचं नाव.

जिना उतरताना साहेबांनी तिला गाठलं. आवाज एकदम मऊ. "चांगलं चाललेलं मोडू नका, बाई. मुकादम अडकला तर खाण बंद पडेल. एकवीस घरांच्या चुली आहेत तिथं. त्यांचे शिव्याशाप कुणाला लागतील, विचार करा."

ती उरलेल्या पायऱ्या भरभर उतरली. रागाने म्हणावं तर रागाने, भीतीने म्हणावं तर भीतीने. एकवीस घरांतलं एक घर तिच्या दिराचं होतं.

तो संध्याकाळी आलाच. पाथरवटाचा चुलतभाऊ, लहानपणापासून एका ताटात जेवलेला. अपघाताच्या दिवशी पाथरवटाला खाटेवर घालून आणणाऱ्या चौघांत तो पुढे होता. तेव्हापासून दर आठवड्याला यायचा, दादाच्या पायाला तेल लावून द्यायचा. आजही आल्या आल्या त्याने तेलाची वाटी मागून घेतली.

"दादा, खाणीवर कशाला?" तो पोटरी चोळता चोळता म्हणाला. "झालं गेलं गंगेला मिळालं. चाळीस दिवस राबला की तो. आता चारचौघांत त्याचं नाक कापून काय मिळणार?"

"आमचं कापलं ते?" बायको म्हणाली.

"तसं नाही वहिनी. पण उद्या त्याने डूख धरला तर आमच्यावरच धरेल. तुमचं बरं आहे, तुम्ही खाणीवर नाही." मग हळूच, पायाकडे बघत, "आणि त्या दिवशी वारा पण किती होता. सगळे म्हणतात वाजली, तर वाजली असेल. वाऱ्यामुळे दादाला नसेल ऐकू आली."

ती काही बोलणार होती. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि तेलाची वाटी दिराकडे सरकवली. पाथरवट भावाच्या डोक्याकडे बघत होता. आठ महिन्यांत त्याने या भावाला एक प्रश्न कधीच विचारला नव्हता, तू ऐकलीस का म्हणून. उत्तराची भीती वाटत होती त्याला. पाय गेला होता, धंदा चालला होता, एवढा एक भाऊ तरी राहू दे, असं त्याच्या मनात असेल. तेल जिरेपर्यंत तो भाऊ चोळत राहिला, आणि पाथरवट चोळून घेत राहिला.

चाळिसाव्या दिवशी म्हातारी म्हणाली, हातगाडीवर ने त्याला. पाथरवट म्हणाला, एकदा नेलं तेवढं पुरे. एका बगलेत कुबडी, दुसऱ्या बाजूला बायकोचा खांदा. खाणीचा रस्ता दहा मिनिटांचा. त्यांना तासभर लागला. डोक्यावर ऊन, पायाखाली खडीचा चुरा. कुबडीचं टोक दर दोन पावलांना घसरायचं, आणि घसरलं की त्याच्या तोंडून श्वास सुटायचा. वाटेत दोघं-तिघं आडवे आले आणि सवयीने ओरडून म्हणाले, "काय रेऽ, कुठंऽ?" तिने एकेकाकडे असं बघितलं की दुसऱ्यांदा कुणी ओरडलं नाही.

खाणीवर सगळे सावलीला बसले होते, डबे उघडे. एकवीस जण. साहेबांनी एक खुर्ची आणवली होती, ती त्यांनी स्वतःसाठीच आणवली होती. तपासणीच्या बाईने ती उचलून पाथरवटाला दिली. साहेब उभे राहिले, घाम पुसला आणि सुरू झाले, "आपण सगळे एका कुटुंबासारखे आहोत. कुटुंबात भांड्याला भांडं लागतं..."

"साहेब," पाथरवट म्हणाला. "मला एकच विचारायचंय. मग तुम्ही बोला."

त्याने मुकादमाकडे बघितलं. एकोणचाळीस दिवसांत पहिल्यांदा सरळ तोंडाकडे.

"शिटी वाजवली होती का?"

मुकादमाच्या हातात टोपी होती, ती तो पिळत होता. साहेब त्याच्याकडे डोळे मोठे करून बघत होते. त्याने साहेबांकडे बघितलं, मग बसलेल्या माणसांकडे, मग स्वतःच्या तळहाताकडे.

"नाही," तो म्हणाला. "वाजवली नाही. ट्रकवाला घाई करत होता. खिशातून काढलीच नाही. नंतर घाबरलो आणि वाजवली म्हणून सांगितलं." त्याने पाथरवटाकडे हात केला. "आणि हा बहिरा नाही. मी त्याच्या अंगणात बघितलंय. पाठमोरा असतो आणि दगडातली चीर ऐकतो. मी जिवंत माणसाला बहिरा केलं. माझं चुकलं. शिटी वाजवली असती तर हा आज चालत असता."

साहेबांनी जोरात टाळी वाजवली. "वा! याला म्हणतात मनाचा मोठेपणा!" आणि दोन-चार जणांनी, सवयीनेच, त्यांच्या मागून टाळ्या सुरू केल्या.

"बंद करा!" बायको ओरडली. खाणीच्या कड्यावर आदळून तो आवाज परत आला. "एकाने जरी टाळी वाजवली तर हात मोडीन!"

टाळ्या थांबल्या. तपासणीच्या बाईने साहेबांना खाली बसायची खूण केली. बसायला खुर्ची नव्हती, ते दगडावर बसले.

पाथरवट मुकादमाला म्हणाला, "झालं तुझं. जा, डबा खा." बोलणं कोरडं होतं, पण त्यात आता विष नव्हतं. मुकादम हलला नाही, तिथेच उभा राहिला.

बाईने कागद पुढे केला. "सही तुमची. तुम्हाला समाधान वाटत असेल तरच."

पाथरवटाने पेन घेतलं. ते त्याच्या बोटांत काडीएवढं दिसत होतं. पण त्याने सही केली नाही. तो बसलेल्या माणसांकडे वळला.

"याने वाजवली नाही, हे तो म्हणाला. आता तुम्ही सांगा. त्या दिवशी शिटी कुणी ऐकली?"

माना डब्यांकडे वळल्या.

"सगळ्यांनी पोलिसांपुढे मान हलवलीत. मग ऐकली असेल. कुणी ऐकली, हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. कुणी डब्याचं झाकण लावत होतं, कुणी बुटाची नाडी सोडून परत बांधत होतं. पलीकडच्या म्हाताऱ्या सुरुंगवाल्याने डोळे मिटून घेतले होते.

"म्हणजे माहीत होतं," पाथरवट म्हणाला. आवाज वाढला नव्हता. "आठ महिने एकवीस जणांना माहीत होतं. आणि रस्त्यात दिसलो की ओरडून विचारत होतात, कसा आहेस म्हणून." त्याने पेन मांडीवर दाबून धरलं. "याने माझा पाय मोडला, एका घाईत. तुम्ही माझे कान काढून घेतलेत, रोज थोडे थोडे, सावकाश."

मग त्याने चुलतभावाकडे बघितलं. तो सगळ्यांच्या मागे बसला होता.

"तू ऐकली होतीस?"

भावाने मान वर केली नाही. "नाही, दादा."

पाथरवटाच्या बायकोने खुर्चीची पाठ घट्ट धरली. तिला वाटलं होतं आज हे ऐकून तिचा राग जाईल. तो गेला नाही. एका माणसापुरता होता तो एकवीस जणांना पुरेल एवढा झाला.

पाथरवटाने कागद मांडीवर घेतला. "मुकादमापुरतं पूर्ण झालं, असं लिहा," त्याने बाईला सांगितलं आणि हळूहळू, अक्षर लावून सही केली. कागद परत देताना म्हणाला, "यावर नुकसान करणारा एकच लिहिलाय. ते सुधारा. बावीस आहेत."

साहेब अर्धवट उठले. "असं नाही होत हो, नियमात एका प्रकरणात एकच..."

"लिहिते मी," बाई म्हणाली, आणि लिहायला लागली.

"चाळीस दिवस कुणाचे नकोत मला. एक-एक दिवस पुरे," पाथरवट माणसांना म्हणाला. "यायचं, माझ्या अंगणात दगड ठेवायचा, आणि तो वाजतो कसा ते माझ्याकडून ऐकून जायचं. मग गावात जाऊन खरं सांगायचं. सक्ती नाही. उद्या कोण येतंय?"

मागून चुलतभाऊ उठला. त्याचे डोळे भरले होते.

"मी येतो, दादा. उद्या मी येतो."

पाथरवटाने कुबडी बगलेत घेतली आणि बायकोच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला.

"तू शेवटी ये," तो म्हणाला. "आधी परके येऊ देत."